चेहरा २०१०चा, काळीज २००३चं

बर्मिंगहॅमला राहणाऱ्या माझ्या आतेभावाने २०१९च्या दिवाळीच्या सुमारास एक जुनी रेंज रोव्हर घेतली. २००३ सालची, डिझेल, चंदेरी. तेव्हा तिचं वय सोळा होतं आणि किंमत एखाद्या बऱ्यापैकी मोटरसायकलएवढी. महिनाभराने त्याने व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली, तेव्हा तिला तोंडच नव्हतं. बंपर नाही, जाळी नाही, हेडलाइटच्या जागी दोन खोबण्या आणि त्यांतून लोंबणाऱ्या वायरी.

मी घाबरून विचारलं, "दादा, ठोकलीस का?"

"नाही गं. तोंड बदलतोय."

गॅरेजच्या फरशीवर जुनं कांबळं अंथरून त्यावर नवं तोंड मांडून ठेवलं होतं. २०१०च्या मॉडेलचा पुढचा बंपर, जाळी, दोन हेडलाइट आणि पुढच्या चाकांमागे बसणाऱ्या, माशाच्या कल्ल्यांसारख्या फटी असलेल्या दोन पट्ट्या. गाड्या तोडून सुटे भाग विकणाऱ्या एका यार्डातून त्याने हे सगळं आणलं होतं. मागून आत्याचा आवाज आला, "म्हाताऱ्याला नवी कवळी बसवतोय झालं!"

मी तेव्हा हसले. पण हे काम इंग्लंडपासून दुबईपर्यंत अनेक गॅरेजांत चालतं. जुन्या महागड्या एसयूव्हीला त्याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलचे पुढचे भाग लावायचे आणि तिला सात-आठ वर्षांनी तरुण करायचं. त्याचे तयार किट मिळतात, फक्त हेच काम करणारी दुकानं असतात. दादाच्या निमित्ताने मी या प्रकाराबद्दल वाचत गेले, तेव्हा लक्षात आलं की त्या कांबळ्यावर नुसता बंपर नव्हता. त्यावर जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास पडलेला होता.

नंबरप्लेटवरचं वय

दादाला तोंड का बदलावंसं वाटलं, हे समजायला आधी ब्रिटनच्या नंबरप्लेटा समजून घ्याव्या लागतात.

तिथे गाडीचं वय झाकून राहत नाही, ते नंबरातच लिहिलेलं असतं. १९६३ साली गाड्यांच्या क्रमांकाच्या शेवटी वर्षाचं एक अक्षर जोडायला सुरुवात झाली. पहिल्या वर्षी 'ए', पुढच्या वर्षी 'बी'. कारण साधं होतं, जुन्या पद्धतीतले क्रमांक संपत आले होते. पण कारकुनी सोयीसाठी आलेल्या त्या अक्षराने गल्लीतल्या प्रत्येक गाडीच्या कपाळावर तिची जन्मतारीख लिहिली. शेजाऱ्याची गाडी किती जुनी आहे हे आता दुधवाल्यालाही कळू लागलं.

अक्षर सुरुवातीला जानेवारीत बदलायचं. १९६७पासून, गाडी विक्रेत्यांच्या सोयीने, ते १ ऑगस्टला बदलू लागलं. मग लोक जुलैभर हात आखडून बसायचे आणि ऑगस्टमध्ये नवं अक्षर मिरवायला शोरूमपाशी गर्दी करायचे. ही गर्दी इतकी वाढली की शेवटी १९९९पासून बदल वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, करावा लागला. सप्टेंबर २००१पासून आजची पद्धत आली. मार्च ते ऑगस्टमध्ये नोंदलेल्या गाडीवर वर्षाचे शेवटचे दोन आकडे येतात आणि सप्टेंबर ते फेब्रुवारीतल्या गाडीवर त्यांत पन्नास मिळवून. दादाच्या गाडीवर '५३' होतं, म्हणजे सप्टेंबर २००३ ते फेब्रुवारी २००४.

या खेळाला एक नियमही आहे. गाडीवर तिच्या वयापेक्षा जुना क्रमांक लावला तर चालतो, नवा लावता येत नाही. २००३च्या गाडीवर '१०' लावून ती २०१०ची भासवणं बेकायदा. वय लपवायचंच असेल तर बिनवर्षाचा क्रमांक विकत घ्यायचा. उत्तर आयर्लंडच्या क्रमांकांत वर्ष नसतं, म्हणून ते त्यासाठी खास मागवले जातात.

पण चेहऱ्यासाठी असा नियम नाही. २००३च्या गाडीला २०१०चा क्रमांक लावणं गुन्हा आहे, २०१०चं तोंड लावणं नाही. दादाचा सगळा उद्योग या फटीतून आत शिरला होता.

सिनेनटांच्या गाड्या सजवणारा

आता प्रश्न असा की, गाडीला दर काही वर्षांनी नवं तोंड द्यायची कल्पना मुळात आली कुठून? मागचा भाग नाही, छप्पर नाही, तोंडच का?

त्यासाठी अमेरिकेत शंभर वर्षं मागे जावं लागतं. हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ ते १९२७ अशी एकोणीस वर्षं चालली आणि दीड कोटीहून जास्त गाड्या बनल्या. फोर्डचं म्हणणं होतं की चांगली गाडी एकदा बनवली की ती स्वस्त करत जायची, बदलत नाही बसायचं. वर्षानुवर्षं ती एकाच रंगात, काळ्या रंगात, मिळायची. १९१५ची आणि १९२०ची मॉडेल टी शेजारी उभ्या केल्या, तर मालकाला लाजण्यासारखं फारसं काही नव्हतं.

जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन १९२३मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले. फोर्डला किमतीत हरवणं कठीण होतं. शिवाय ज्यांना गाडी परवडत होती अशा अनेक घरांत गाडी येऊन गेली होती. चालत्या गाडीच्या मालकाला दुसरी गाडी कशी विकायची? स्लोन यांचं उत्तर होतं, त्याला स्वतःच्या गाडीचा कंटाळा आणून. दरवर्षी थोडं नवं रूप काढायचं, म्हणजे गेल्या वर्षीची गाडी उभ्या-उभ्या जुनी होते. १९२३ची शेव्हरोले याचं लवकरचं उदाहरण. वरचा साज नवा आणि आतली यंत्रणा बऱ्याच वर्षांपूर्वीची.

हे काम पद्धतशीर करायला त्यांनी लॉस एंजेलिसहून एक माणूस आणला, हार्ली अर्ल. त्याच्या वडिलांचा आधी घोडागाड्या बनवायचा कारखाना होता, पुढे तिथे मोटारींची कामं होऊ लागली. तरुण हार्ली तिथे हॉलिवूडच्या नटांसाठी गाड्या बदलून द्यायचा. गिऱ्हाईक म्हणेल तशी गाडी लांबट, बुटकी किंवा रुबाबदार करायची. १९२७ची 'ला साल' ही त्याने रूप दिलेली गाडी गाजली आणि त्याच वर्षी जनरल मोटर्सने त्याच्या हाताखाली 'कला आणि रंग' नावाचा विभागच उघडला.

हे वाचताना मी थबकले होते. आपल्याला वाटतं की कंपनी गाडीचं खरं रूप ठरवते आणि नंतर हौशी लोक त्यात लुडबुड करतात. इतिहासाचा क्रम उलटा आहे. लुडबुड करणारा माणूस आधी होता. कंपनीने त्याला नोकरीवर ठेवलं आणि एकेका गिऱ्हाइकासाठी तो जे करायचा ते लाखो गाड्यांवर एकदम करायला लावलं.

अर्ल पुढे या धोरणाला 'गतिमान कालबाह्यता' म्हणू लागला. पण तिची एक व्यावहारिक बाजू होती आणि दादाच्या गॅरेजशी तिचा थेट संबंध आहे. गाडीचा पत्रा दाबून आकार देणारे पोलादी ठसे फार महाग असतात. दरवर्षी सगळे ठसे बदलले तर कंपनीचं दिवाळं निघेल. म्हणून मूळ सांगाडा काही वर्षं तोच ठेवायचा आणि मधल्या वर्षांत जाळी, बंपर, दिवे, क्रोमच्या पट्ट्या बदलायच्या. थोडक्यात, जे माणसाच्या नजरेच्या उंचीवर असतं आणि आरशात मागून येताना दिसतं तेवढंच.

आता याचा अर्थ बघा. नवं तोंड जुन्या सांगाड्यावर बसेल असंच बनवलेलं असतं, कारण कंपनीलाही ते जुन्याच सांगाड्यावर बसवायचं असतं. कंपनीची काटकसर ती दादाची संधी.

जन्मतःच सोंग

दादाने निवडलेली गाडी या बाबतीत आणखी मजेशीर आहे.

रेंज रोव्हर १७ जून १९७० रोजी बाजारात आली, किंमत १,९९८ पौंड. त्याआधी रस्त्यावर चाचण्या घेताना कोणाला सुगावा लागू नये म्हणून तिच्या नमुन्यांवर 'वेलार' असं बनावट नाव लावलं होतं. (त्या सोंगाच्या नावाने कंपनीने २०१७मध्ये एक महागडी गाडी काढली.) स्पेन किंग आणि गॉर्डन बॅशफर्ड या अभियंत्यांनी तिची मूळ रचना केली आणि डेव्हिड बाख यांनी तिचं रूप घासूनपुसून पक्कं केलं. पहिल्या गाडीला दोनच दारं होती. शेतकऱ्याने चिखलाच्या बुटांनी बसावं आणि नंतर आतून पाण्याने धुवावं, अशा बेताने आत प्लॅस्टिक आणि व्हिनाइल होतं. आज जिला आपण लक्झरी एसयूव्ही म्हणतो ती जन्माला आली तेव्हा तिच्यात लक्झरी बेताचीच होती. पण रूप असं देखणं की पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ती मांडली गेली.

आणि त्या देखण्या बॉनेटखाली काय होतं? अमेरिकेने टाकून दिलेलं इंजिन. जनरल मोटर्सच्याच ब्युक गाडीसाठी साठीच्या दशकाच्या सुरुवातीला अॅल्युमिनियमचं एक हलकं व्ही-८ इंजिन बनवलं गेलं होतं. तीनेक वर्षांत कंपनीने त्याचा नाद सोडला. १९६५मध्ये ब्रिटनच्या रोव्हर कंपनीने त्याचे हक्क घेतले, सुधारलं आणि आधी स्वतःच्या मोटारींत, मग रेंज रोव्हरमध्ये बसवलं. पुढे हे इंजिन कित्येक दशकं चाललं.

म्हणजे नवा चेहरा आणि दुसऱ्याचं जुनं काळीज, ही जोडी काही दादाने शोधून काढली नाही. रेंज रोव्हर पहिल्या दिवसापासून तशीच आहे.

बाहेरच्यांचा हातही तिला लवकर लागला. सुरुवातीची अकरा वर्षं कंपनीने चार दारांची गाडी काढलीच नाही. गिऱ्हाइकं मागत होती, कंपनीकडे पैसा नव्हता. ती तेव्हा ब्रिटिश लेलँडच्या अवाढव्य आणि डबघाईला आलेल्या संसारातली एक सून होती. १९८०मध्ये स्वित्झर्लंडच्या पीटर माँटेव्हेर्दी यांनी दोन दारांच्या गाड्या घेऊन त्यांना चार दारं बसवून दिली आणि १९८१मध्ये कंपनीची स्वतःची चार दारांची गाडी आली. इथेही बदल करणारा आधी आणि कंपनी मागून.

तीन चेहरे, तीन मालक

दादाची गाडी म्हणजे रेंज रोव्हरची तिसरी पिढी. जाणकार तिला 'एल ३२२' म्हणतात. २००२ ते २०१२ या काळात तिचा मूळ सांगाडा तोच राहिला, तोंड दोनदा बदललं. एकूण तीन चेहरे. तिच्या आखणीपासून अखेरपर्यंत कंपनीचे मालकही तीन झाले.

ही गाडी रेखली गेली तेव्हा लँड रोव्हर बीएमडब्ल्यूच्या ताब्यात होती. बीएमडब्ल्यूने १९९४मध्ये रोव्हर समूह घेतला, त्यात हात पोळले आणि २०००मध्ये लँड रोव्हर फोर्डला विकली. तेव्हा नवी रेंज रोव्हर जवळजवळ तयार होती आणि तिच्यात इंजिनं बीएमडब्ल्यूची होती. त्यामुळे २००२मध्ये जी गाडी आली ती घडवली एका मालकाने आणि विकली दुसऱ्याने. दादाच्या गाडीतलं तीन लिटरचं सहा सिलिंडरी डिझेल इंजिन म्युनिकच्या घराण्यातलं आहे.

दुसरा चेहरा २००५मध्ये आला, २००६चं मॉडेल म्हणून. बंपर, जाळी, दिवे बदलले आणि पेट्रोल गाडीतून बीएमडब्ल्यूचं इंजिन जाऊन जॅग्वारचं आलं. जॅग्वारही तेव्हा फोर्डचीच. वर्षभराने डिझेल इंजिनही बदललं.

२ जून २००८ रोजी जॅग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही कंपन्या टाटा मोटर्सच्या झाल्या, २३० कोटी डॉलरना. फोर्डने २०००मध्ये एकट्या लँड रोव्हरसाठी याहून जास्त मोजले होते. साडेतीन महिन्यांत अमेरिकेतली लेहमन बँक बुडाली आणि जगभर महागड्या गाड्यांची विक्री कोसळली. इथल्या वर्तमानपत्रांत टाटांनी हा पांढरा हत्ती कशाला विकत घेतला, असा सूर लागला होता. त्या आर्थिक वर्षात टाटा मोटर्सचा एकत्रित हिशेब तोट्यात गेला.

त्या कठीण काळात, २००९मध्ये, तिसरा चेहरा आला. एलईडीचे दिवे, नवी जाळी, नवा बंपर, आत काट्यांऐवजी पडद्यावर दिसणारं स्पीडोमीटर, पाच लिटरचं नवं पेट्रोल इंजिन. त्याचे आराखडे अर्थात फोर्डच्या काळात सुरू झालेले असणार. गाडीचं तोंड काही महिन्यांत घडत नाही. पण ते बाजारात आलं तेव्हा मालक मुंबईच्या बॉम्बे हाउसमध्ये बसत होते. सगळी गाडी नव्याने बनवायला तेव्हा वेळही नव्हता आणि पैसाही. खरी नवी रेंज रोव्हर, अॅल्युमिनियमच्या सांगाड्याची, २०१२मध्ये आली. तोवरची मधली वर्षं या चेहऱ्यावर काढली.

फेसलिफ्ट ही फसवणूक आहे, असं म्हणणं सोपं आहे. पण अडचणीतल्या कारखान्याला ती कधीकधी श्वास घ्यायला अवधी देते. सॉलिहलच्या कारखान्यात ज्यांची पोटं होती त्यांच्यासाठी २००९मध्ये बदललेला तो बंपर नुसता नखरा नव्हता.

आणि दादा काय करत होता? सॉलिहलपासून काही मैलांवरच्या एका गॅरेजमध्ये, बीएमडब्ल्यूच्या काळजावर टाटांच्या काळातलं तोंड बसवत होता. मधला फोर्डचा चेहरा त्याने ओलांडूनच टाकला.

गाडी माझी, चेहरा कोणाचा?

काम वाटलं त्यापेक्षा अवघड निघालं. यार्डातून आलेल्या बंपरबरोबर आतल्या पट्ट्या आल्याच नव्हत्या, त्या वेगळ्या शोधाव्या लागल्या. बंपरच्या प्लॅस्टिकला दिलेला चंदेरी रंग आणि सोळा वर्षं ऊनपाऊस खाल्लेल्या पत्र्याचा चंदेरी रंग, डब्यावरचा नंबर एकच असून, शेजारी ठेवल्यावर वेगळे दिसले. दिवे जागेवर बसले, पण त्यांचे कपलर जुन्या वायरिंगला जुळेनात. दादाने एका शनिवारी स्वतःच्या हिमतीवर वायरी जोडल्या आणि डावा सिग्नल दिला की दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकू लागले. शेवटी एका इलेक्ट्रिशियनला बोलवावं लागलं.

यातला सगळ्यात गंभीर भाग दिसत नाही. गाडीचं तोंड हे नुसतं तोंड नसतं. बंपरच्या प्लॅस्टिकमागे धडक झेलणारा आडवा दांडा असतो. पुढच्या भागात एअरबॅगला धडकेची खबर देणारे सेन्सर असू शकतात. दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाही, असा लावावा लागतो आणि ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत तो मोजतात. विमा कंपनीला बदल कळवावे लागतात, नाहीतर अपघातानंतर ती हात वर करू शकते. दादाने दांड्याला हात लावला नाही, झोत मोजून घेतला आणि विमावाल्यांना फोन केला. सगळेच असं करतात, असं नाही.

मग मालकीचा प्रश्न. गाडी दादाची, पण त्या चेहऱ्यावर हक्क कोणाचा?

या प्रश्नावर ब्रिटनमध्ये एक गाजलेला खटला झाला आहे आणि योगायोगाने त्यातला वादी रेंज रोव्हरचाच तेव्हाचा मालक होता, ब्रिटिश लेलँड. आर्मस्ट्राँग नावाची एक कंपनी लेलँडच्या मॉरिस मरीना गाडीचे सायलेन्सर पाइप नक्कल करून विकत होती. लेलँडने दावा केला की पाइपच्या आराखड्यावर आमचा कॉपीराइट आहे. खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १९८६मध्ये लेलँड हरली. न्यायमूर्तींचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की गाडी विकल्यावर मालकाला ती दुरुस्त करून चालती ठेवायचा हक्क मिळतो. सुट्या भागांची मक्तेदारी धरून कंपनीला तो मारता येणार नाही.

आज मोबाइलची बॅटरी, ट्रॅक्टरचं सॉफ्टवेअर यांवरून 'दुरुस्तीचा हक्क' हा शब्द आपण ऐकतो. त्याचा एक धागा त्या सायलेन्सरपर्यंत जातो. पण या हक्काला एक सीमा आहे. दुरुस्ती म्हणजे होतं तसं करणं. तुटलेल्या २००३च्या दिव्याजागी २००३चा दिवा लावणं ही दुरुस्ती. धडधाकट दिवा काढून २०१०चा लावणं याला काय म्हणायचं? दादाने भाग अस्सल आणले होते, कंपनीनेच बनवलेले आणि एकदा विकलेले, त्यामुळे त्याला कोणी विचारणार नव्हतं. नक्कल केलेल्या किटबाबत मात्र दुरुस्तीची ढाल पुढे करणं अवघड जातं.

आपल्याकडे कायद्याची नजर जास्त कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणी पुस्तकातले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करायचा नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे ठामपणे पुन्हा सांगितलं. तरीही आपल्या शहरांत पुढून मोठ्या गाडीचा आव आणणाऱ्या एसयूव्ही तुम्ही पाहिल्या असतील.

अँबॅसडरची जाळी

मला मात्र कायद्यापेक्षा वेगळीच गोष्ट आठवत राहिली. आपल्या आईवडिलांच्या पिढीला हा वयाचा न्यूनगंड का नव्हता?

अँबॅसडर १९५७मध्ये आली, ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली. साठीच्या दशकात मार्क टू, १९७५मध्ये मार्क थ्री, १९७९मध्ये मार्क फोर. बदललं काय, तर मुख्यतः जाळी, दिवे, पट्ट्या. सांगाडा जवळपास तोच राहिला, थेट २०१४मध्ये उत्तरपाड्याचा कारखाना बंद पडेपर्यंत. कुर्ल्यात बनणारी फियाट सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली, पण तिचं रूप त्याआधीच्या गाडीपेक्षा फार हललं नाही आणि ती दुसऱ्या सहस्रकाच्या अखेरपर्यंत बनत राहिली.

स्लोन यांची युक्ती इथे का चालली नाही? कारण कंटाळा आणायला आधी पर्याय लागतो. परमिटच्या राज्यात गाडी नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. ज्याच्या दारात गाडी होती तोच मुळात भाग्यवान. त्याची जाळी कोणत्या मार्कची आहे, हे बघून नाक मुरडणार कोण? गाडी जुनी व्हायची ती यंत्राने, नजरेने नाही. १९९१नंतर पर्याय आले आणि नजरेने जुनं होणंही आलं. आता तर फोनसुद्धा मागच्या कॅमेऱ्यांच्या मांडणीवरून ओळखतात आणि आपण कव्हर घालून ते झाकतो.

२०११पासून पुण्यात लँड रोव्हरची फ्रीलँडर जुळवली जाऊ लागली आणि २०२४मध्ये खुद्द रेंज रोव्हरही इथे जुळवण्याची घोषणा झाली. सॉलिहलबाहेर ती पहिल्यांदाच बनणार होती. बातमी आली तेव्हा मी दादाला पाठवली. त्याने उत्तर दिलं, "म्हणजे मी इकडे आलो आणि गाडी तिकडे गेली."

डिकीतला डबा

हे उत्तर समजायला एक गोष्ट सांगायला हवी, जी मलाही उशिरा कळली.

दादा इंग्लंडला गेला तो २००३च्या सप्टेंबरमध्ये. पहिल्या हिवाळ्यात तो सॉलिहलच्या एका थांब्यावर बसची वाट बघायचा आणि समोरून '५३' नंबरच्या कोऱ्या रेंज रोव्हर जायच्या. तेव्हा त्याने ठरवलं होतं, एक दिवस घेईन. घेता आली तेव्हा सोळा वर्षं उलटली होती. ऑफिसात त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान माणूस त्याचा साहेब झाला होता. त्या पार्किंगमध्ये सोळा वर्षांची गाडी लावायची त्याला लाज वाटली. तोंड बदलण्यामागे इतकंच होतं.

मी त्याला विचारलं होतं, "मग बिनवर्षाचा नंबर का नाही घेतलास? तेवढाच पुरावा उरलाय."

तो म्हणाला, "त्रेपन्न राहू दे. ते माझंही आहे."

पाचेक वर्षं त्याने ती गाडी चालवली. विकायला काढली तेव्हा एक विशीतला मुलगा बघायला आला. पुढून गाडी बघून त्याचे डोळे चमकले आणि २०१०ची म्हणून तो भाव बोलू लागला. नंबरप्लेटकडे त्याचं लक्षच नव्हतं. दादाने त्याला काचेखाली दिसणारा सतरा अक्षरांचा चासी नंबर दाखवला. त्यातलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं. २०१०च्या गाडीला तिथे 'ए' असतो. या गाडीचं दहावं अक्षर ३ होतं. मग काचेच्या कोपऱ्यातला शिक्का, सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेली चिठ्ठी, सगळं दाखवलं. या जागा माणसं सहसा बदलत नाहीत, म्हणून जुनी गाडी घेताना आधी तिथे बघावं, तोंडाकडे नंतर.

मुलाने किंमत पाडून मागितली. दादाने दिली.

जाताना दादाने गॅरेजच्या माळ्यावरून एक मोठा डबा काढून त्याच्या डिकीत ठेवला. आत जुने दोन हेडलाइट, जुनी जाळी आणि कल्ल्यांच्या पट्ट्या होत्या, प्रत्येक वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळलेली. आत्या दारात उभी राहून बघत होती. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर तिने विचारलं, "कवळी काढून दिलीस का रे?"

"नाही आई," दादा म्हणाला, "तिचे खरे दात परत दिले."